रिपोर्ट नॉर्मल, डोस कोणाच्या मापाचा?



आज इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी गोळ्यांचा एक डबा असेल. सकाळ, दुपार, रात्र असे खण पाडलेला. त्यात बीपीची गोळी असते, शुगरची असते, कुणाच्या डब्यात रक्त पातळ करणारी, कुणाच्या डब्यात पायांच्या मुंग्यांसाठी दिलेली कॅप्सूल. शिवाय गुडघ्यासाठी लागेल तशी घ्यायची, मेडिकलमधून परस्पर आणलेली एक पट्टी. या प्रत्येक गोळीचा डोस कुणीतरी कधीतरी ठरवला. तो ठरवताना घेणाऱ्याची किडनी किती काम करते, हा आकडा कुणी पाहिला होता का?

आजचं व्याख्यान एवढ्या एका प्रश्नाचं आहे. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय 10 कोटी 38 लाख होते, त्यांतले एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. आज ही संख्या आणखी मोठी आहे. वय वाढतं तशा गोळ्या वाढतात आणि त्याच काळात त्या गोळ्या शरीराबाहेर टाकणारा अवयव मंदावत जातो. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच माणसात, एकाच वेळी घडत असतात. त्यांची गाठ मात्र पुष्कळदा कुणी घालून देत नाही.

चार मुद्दे क्रमाने घेऊ. पहिला, रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन वयस्कर माणसात काय सांगतं आणि काय लपवतं. दुसरा, किडनीचा अंदाज सांगणारी सूत्रं आली कुठून. तिसरा, चुकीच्या आकड्यावर दिलेला डोस अंगात काय करतो. आणि चौथा, घरी आणि दवाखान्यात करता येण्याजोगं काय आहे.

पहिला मुद्दा, क्रिएटिनिनचा.

आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा थोडा भाग रोज मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते रक्तात येतं, किडनी ते गाळते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की क्रिएटिनिन रक्तात साठतं आणि तपासणीत आकडा चढतो. इतकं साधं गणित. 1886 मध्ये माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळलं की नारिंगी-तांबडा रंग येतो. त्याच रंगाच्या गडदपणावरून आजही असंख्य लॅबमध्ये क्रिएटिनिन मोजलं जातं, कारण ही पद्धत स्वस्त आहे.

पण गणितात एक अट दडलेली आहे. रक्तातलं क्रिएटिनिन दोन गोष्टींवर ठरतं. किती तयार होतं आणि किती बाहेर जातं. तरुण माणसाचे स्नायू भरलेले असतात, तयार होणारं क्रिएटिनिन भरपूर असतं. ऐंशीच्या घरातल्या आजींचे दंड उतरलेले असतात, मांड्या सुकलेल्या असतात. तयार होणारं क्रिएटिनिनच निम्म्यावर आलेलं असतं. मग बाहेर टाकण्याचं काम निम्म्यावर आलं तरी रक्तातला आकडा हलत नाही. आवकही कमी, जावकही कमी, शिल्लक तेवढीच. रिपोर्टवर शेजारी छापलेलं असतं, 0.6 ते 1.2. आजींचा आकडा 1.0. घरात सगळे निःश्वास टाकतात. किडनी नॉर्मल आहे.

खरंच आहे का?

पंचवीस वर्षांचा, सत्तर किलोचा एक तरुण घ्या. क्रिएटिनिन 1.0. औषधांच्या डोससाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या सूत्रात ही माहिती घातली की उत्तर येतं मिनिटाला 112 मिलिलिटर. म्हणजे त्याच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण एवढं रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ करतात. आता ब्याऐंशी वर्षांच्या, बेचाळीस किलो वजनाच्या आजी घ्या. क्रिएटिनिन तेच, 1.0. त्याच सूत्राने उत्तर येतं 29. रिपोर्टवरचा आकडा दशांशापर्यंत सारखा आणि किडनीच्या कामात जवळजवळ चौपट फरक. दोघांच्याही रिपोर्टवर ‘नॉर्मल’च लिहिलेलं असणार.

म्हातारपणी किडनी किती मंदावते? अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात निरोगी माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारा एक दीर्घ अभ्यास चालत आला आहे. त्याचे 1985 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की किडनीची क्षमता सरासरी दर वर्षी मिनिटाला पाऊण मिलिलिटरने उतरत होती. पण त्याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश माणसांची क्षमता वयानुसार उतरलीच नव्हती. म्हणून ‘वय झालंय, डोस निम्मा करा’ हे सरसकट गणितही चुकीचं. वय पाहून डोस ठरत नाही आणि नुसतं क्रिएटिनिन पाहूनही नाही. आकडा काढावा लागतो.

तो काढायचा कसा, हा दुसरा मुद्दा.

1976 साली डोनाल्ड कॉक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या कॅनडातल्या डॉक्टरांनी एक सूत्र छापलं. त्यामागे माँट्रियलमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या 249 रुग्णांची माहिती होती. 140 मधून वय वजा करा, उरेल त्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. पाटीवर करता येईल असा हिशेब. बायकांसाठी उत्तराला 0.85 ने गुणायचं. हा 0.85 आला कुठून? सैनिकांच्या रुग्णालयात बायका जवळजवळ नव्हत्याच. स्त्रियांचे स्नायू साधारण इतके कमी असतात, या गृहीतकावरून तो घेतलेला होता. कॉक्रॉफ्ट पुढे दम्याचे संशोधक म्हणून नावाजले, पण किडनीच्या प्रत्येक पुस्तकात त्यांचं नाव या एका सूत्रामुळे राहिलं. कित्येक औषधांसोबतच्या माहितीपत्रकात डोसच्या पायऱ्या ठरल्या त्या याच सूत्रावर.

पुढे नवी सूत्रं आली. 1999 मध्ये अँड्र्यू लेव्ही आणि सहकाऱ्यांचं एक, 2009 मध्ये त्याहून सुधारलेलं दुसरं. या अमेरिकी सूत्रांमध्ये काळ्या माणसांसाठी वेगळा गुणक होता. त्यावर बराच वाद झाला आणि 2021 मध्ये तो काढून टाकलेलं सूत्र आलं. आज लॅबच्या रिपोर्टवर ‘ई-जीएफआर’ म्हणून जो आकडा छापून येतो तो या नव्या घराण्यातला. किडनीचा आजार आहे का, कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठरवायला ही सूत्रं जुन्यापेक्षा सरस आहेत, यात शंका नाही. मग डोसच्या बाबतीत अडतं कुठे?

अडतं ते वजनापाशी. नव्या सूत्रात वजन नाहीच. लॅबला तुमचं वजन ठाऊक नसतं. म्हणून उत्तर दिलं जातं ते 1.73 चौरस मीटर कातडीच्या माणसाला धरून. हा 1.73 आला 1920 च्या दशकातल्या अमेरिकेतून. तिथल्या पंचवीस वर्षांच्या तरुण-तरुणींची ती सरासरी होती. आपल्या आजींची उंची 148 सेंटिमीटर आणि वजन 42 किलो असेल, तर त्यांच्या शरीराचं क्षेत्रफळ येतं साधारण 1.31. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी तरुणाच्या मापावर काढलेलं उत्तर आजींच्या अंगाला बसेल कसं?

हिशेब करून पाहू. त्याच आजी, तेच 1.0 क्रिएटिनिन. 2021 च्या सूत्राने लॅबच्या रिपोर्टवर छापून येईल 56. हा आकडा आजींच्या खऱ्या क्षेत्रफळावर आणला की होतो 43. आणि कॉक्रॉफ्ट-गॉल्टने येतो 29. एक बाई, एक रक्ताची बाटली, तीन आकडे.

तुम्ही म्हणाल, हा अभ्यासकांचा वाद झाला, घरच्या माणसाला त्याचं काय? घरच्या माणसाला त्याचं काय, ते पाहू. समजा, या आजींना नागीण झाली. कमरेला पट्टाच उठला, आग आग होते आहे. नागिणीवर व्हॅलासायक्लोव्हिर नावाचं औषध देतात, ते जवळजवळ सगळं किडनीवाटे जातं. त्याच्या माहितीपत्रकात पायऱ्या दिलेल्या आहेत. किडनीचा आकडा 50 किंवा अधिक असेल तर एक ग्रॅम दिवसातून तीनदा. 30 ते 49 असेल तर दोनदा. 10 ते 29 असेल तर एकदाच. आता आपले तीन आकडे त्या पायऱ्यांवर ठेवा. 56 धरला तर तीन डोस. 43 धरला तर दोन. 29 धरला तर एक. आकडा निवडण्यातच तिप्पट औषधाचा फरक पडला. जास्तीचं औषध अंगात साठलं की दोन-तीन दिवसांत आजी असंबद्ध बोलू लागतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, हातपाय झटकतात. घरचे घाबरतात. कुणी म्हणतं मेंदूत काही झालं, कुणी म्हणतं वयाचा परिणाम. स्कॅन होतो, स्कॅन स्वच्छ येतो. औषध थांबवलं, किडनीला वेळ मिळाला, गरज पडली तर डायलिसिस झालं, की बहुतेकदा बोलणं ताळ्यावर येतं.

मग तिन्हींतला खरा आकडा कोणता? प्रामाणिक उत्तर असं, की तिन्ही अंदाज आहेत. खरी मोजणी करायची तर इन्युलिनसारखा पदार्थ शिरेतून देऊन तासन् तास रक्त आणि लघवी तपासावी लागते, ते दवाखान्यात रोज शक्य नाही. वृद्ध, हलक्या माणसात कॉक्रॉफ्ट-गॉल्ट पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी सांगतं आणि लॅबचं ई-जीएफआर पुष्कळदा जास्त. पण हे औषध ज्या पायऱ्यांवर बांधलेलं आहे त्या पायऱ्या जुन्या सूत्राच्या आहेत, हेही विसरता येत नाही. नव्या औषधांच्या बाबतीत आता अमेरिकी औषध प्रशासनही सांगतं, की आकडा रुग्णाच्या स्वतःच्या क्षेत्रफळावर आणूनच वापरावा. दोन आकडे एकाच पायरीवर पडत असतील तर प्रश्न मिटला. ते वेगळ्या पायऱ्यांवर पडत असतील, तर तिथे डॉक्टरने थांबून विचार केला पाहिजे. हे औषध जास्त झालं तर काय होईल? कमी पडलं तर काय होईल? दोन्हींतलं अधिक वाईट कोणतं? स्नायूंवर अवलंबून नसलेला सिस्टॅटिन-सी नावाचा घटकही रक्तात मोजता येतो. ही तपासणी महाग आहे, पण अशा पेचात ती करून घेण्याजोगी आहे.

इथे महाराष्ट्राशी थेट नातं असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छायाचित्र छापून आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांमध्ये 21.2 टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त, स्नायू कमी, ही आपल्याकडच्या शरीराची ठेवण त्या एका चित्राने जगाला समजावली. ते चित्र मधुमेहाच्या संदर्भात होतं. पण स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी, ही साखळी किडनीपर्यंत येतेच. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी किडनीदात्यांची क्षमता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा पाश्चात्त्य सूत्रं भारतीय माणसाची किडनी प्रत्यक्षाहून चांगली दाखवतात असं त्यांना दिसलं. शाकाहारी जेवण, कमी स्नायू, छोटी चण. त्यात वय मिळवा. आपल्या घरातल्या वृद्धांच्या रिपोर्टवरचा आकडा बऱ्यापैकी गोड दिसतो, तो एवढ्या कारणांनी.

आता तिसरा मुद्दा, औषधं अंगात काय करतात.

सगळीच औषधं किडनीवाटे जात नाहीत. कित्येक यकृतात मोडतात. पण जी किडनीवाटे जातात, त्यांचा रोजचा डोस किडनी मंदावल्यावरही तसाच चालू ठेवणं म्हणजे मोरी तुंबत आलेली असताना रोज तेवढ्याच बादल्या ओतत राहणं. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. आठवड्याने पाणी उंबऱ्यावर येतं.

आणि ही औषधं तपासली कुणावर गेली होती? 1982 साली ब्रिटनमध्ये बेनॉक्साप्रोफेन नावाच्या सांधेदुखीच्या गोळीने मोठी खळबळ उडवली. संधिवात हा वृद्धांचा आजार, गोळी घेणारे मुख्यतः वृद्ध. पण वृद्धांच्या शरीरातून ते औषध बाहेर पडायला तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता, हे फार उशिरा लक्षात आलं. बेलफास्टच्या डॉक्टरांनी वृद्ध स्त्रियांचे मृत्यू कळवले आणि ऑगस्टमध्ये ते औषध बाजारातून गेलं. नव्या औषधांच्या चाचण्यांत वृद्धांचा समावेश असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक 1993 मध्ये आला. तोवर म्हातारपणाच्या औषधांची परीक्षा पुष्कळदा तरुणांवर होत होती.

दंडक आला म्हणून प्रश्न सुटला का? रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची मोठी चाचणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. 18,113 रुग्ण, सरासरी वय एकाहत्तर, म्हणजे वृद्ध होतेच. पण त्यांचं सरासरी वजन होतं सुमारे 82 किलो आणि किडनीचा आकडा 30 च्या खाली असलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. या औषधाचा सुमारे 80 टक्के भाग किडनीवाटे जातो. औषध बाजारात आलं आणि ऐंशीपुढच्या, हलक्या वजनाच्या, मंद किडनीच्या माणसांना दिलं जाऊ लागलं. ऑगस्ट 2011 मध्ये जपान सरकारला रक्तस्रावाच्या मृत्यूंनंतर डॉक्टरांसाठी इशारा काढावा लागला. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनीही वय, कमी वजन आणि मंद किडनी असलेल्यांमधल्या रक्तस्रावाकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी युरोपच्या औषध संस्थेने बजावलं, की हे औषध सुरू करण्यापूर्वी किडनी तपासाच आणि पंचाहत्तरीपुढे ती निदान वर्षातून एकदा पुन्हा तपासा. औषध वाईट नव्हतं. योग्य माणसाला ते पक्षाघातापासून वाचवतं. 82 किलोचा डोस 42 किलोला लावला गेला, चूक तिथे होती.

आपल्याकडच्या डब्यात हे कसं दिसतं?

मधुमेहाने पायांची आग होते, मुंग्या येतात. त्यावर प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. दोन्ही जवळजवळ संपूर्ण किडनीवाटे जातात. प्रीगॅबालिनच्या माहितीपत्रकात किडनीचा आकडा 30 ते 60 असेल तर दिवसाला 75 ते 300 मिलिग्रॅम, आणि 15 ते 30 असेल तर 25 ते 150 असा पल्ला दिलेला आहे. डोस जास्त झाला की आजोबा दिवसभर पेंगतात, चालताना झोक जातो, एके रात्री बाथरूमला जाताना पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. केसपेपरवर लिहिलं जातं, घरात पडले. पडण्यामागे कॅप्सूल होती हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

मधुमेहाचंच दुसरं उदाहरण. ग्लायबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी. तिचे यकृतात मोडून झालेले अंशही साखर उतरवतात आणि ते किडनीवाटे जातात. किडनी मंद झाली की एका गोळीचा परिणाम लांबत जातो आणि पहाटे साखर घसरते. इन्सुलिनचाही काही भाग किडनीतच नष्ट होतो. म्हणून काही वृद्धांमध्ये डोस तोच असून साखर अचानक छान राहायला लागते. घरात समाधान होतं, पथ्य पाळल्याचं फळ म्हणतात. ते कधी कधी किडनी उतरणीला लागल्याचं पहिलं चिन्ह असतं. अशा वेळी साखरेच्या रिपोर्टसोबत क्रिएटिनिन पाहिलंच पाहिजे. मेटफॉर्मिनचा अनुभवही असाच आहे. 2016 पर्यंत अमेरिकेत ते क्रिएटिनिन पाहून बंद करत, पुरुषांत 1.5 आणि स्त्रियांत 1.4. मग तिथल्या औषध प्रशासनाने नियम बदलला. क्रिएटिनिन नको, ई-जीएफआर पाहा. तो 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देऊ नका, 30 ते 45 मध्ये असेल तर नव्याने सुरू करू नका. एका देशाच्या औषध प्रशासनाने मान्य केलं, की नुसत्या क्रिएटिनिनवर असा निर्णय घेता येत नाही.

आणि दुखण्याच्या गोळ्या. आपल्याकडे वृद्धांच्या किडनीवर मोठा भार या गोळ्यांचाही असतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक. किडनीत जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. दुखण्याची गोळी तीच द्रव्यं थांबवते. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किडनीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते. लघवी होण्याची गोळी अंगातलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या, की आत येणारं रक्त कमी, बाहेरचा दाब कमी, मुळात द्रवच कमी. किडनीला गाळायला दाबच उरत नाही. आपल्याकडे बीपीची आणि लघवीची अशी दोन औषधं पुष्कळदा एकाच गोळीत असतात. म्हणजे तिसरी येण्यासाठी मेडिकलमधून गुडघ्याची पट्टी आणणं पुरतं. वर वैशाखाचं ऊन, किंवा जुलाब-उलट्या, किंवा वारीच्या वाटेवर घामाघूम होऊन पाणी कमी पिणारा सत्तरीचा वारकरी. दोन-तीन दिवसांत किडनी बसू शकते.

डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणून एक आठवण करून द्यायला हवी. भारतातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली ती याच औषधाने. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. 2004 मध्ये हे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही. पण थकलेली, कोरडी पडलेली, आधीच दोन औषधांच्या तावडीतली किडनी त्याच गोळीपुढे फार टिकत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. अशा आजारपणात किडनी सोमवारी बंद पडली तरी क्रिएटिनिन त्याच दिवशी चढत नाही. साठायला एक-दोन दिवस लागतात. सगळी सूत्रं किडनी स्थिर आहे असं गृहीत धरतात. म्हणून तापात, जुलाबात, शस्त्रक्रियेनंतर काढलेला आकडा फसवा असतो. तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

या सगळ्याला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर हे व्याख्यान अर्धवट राहील. भीतीपोटी डोस कमी करणं हीसुद्धा चूक आहे. रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस बहुधा पूर्णच द्यावा लागतो, किडनी कशीही असो. पुढच्या डोसांमधलं अंतर वाढवायचं. रक्त पातळ करणारं ॲपिक्साबान घ्या. वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच त्याचा डोस निम्मा करतात. एकच असताना निम्मा केला, तर रक्ताची गुठळी अडवणारं औषध अपुरं पडतं आणि पक्षाघाताचा धोका उरतो. कमीही नाही, जास्तही नाही. त्या माणसाला बसेल तेवढा डोस, हीच मागणी आहे.

चौथा मुद्दा, करायचं काय?

पहिली गोष्ट वजन. ते विचारू नये, मोजावं. दवाखान्यात आजोबांना वजन विचारलं तर ते पाच वर्षांपूर्वीचं सांगतात. आजारपणात आठ किलो उतरलेल्या माणसाचा डोस जुन्या वजनावर काढला तर सगळं गणित बिघडतं. उंचीही एकदा लिहून ठेवावी.

दुसरी, ज्येष्ठ नागरिकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत चार ओळी असाव्यात. वय, मोजलेलं वजन, शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह आणि त्यावरून काढलेला किडनीचा आकडा. नवं औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरसमोर हे पान आधी यावं. त्वचेचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, सगळ्यांसमोर. नागिणीचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला मधुमेहाच्या डॉक्टरकडचा रिपोर्ट दिसत नसतो. तो दाखवण्याचं काम घरच्यांना करता येतं.

तिसरी, वर्षातून एकदा गोळ्यांचा अख्खा डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्याही, पोट साफ होण्याची पावडरही, कारण त्यातल्या काहींत मॅग्नेशियम असतं आणि मंद किडनीत ते साठतं. वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची यादी मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरने 1991 मध्ये केली. ती आज वारंवार सुधारली जाते आणि तिच्यात किडनीच्या आकड्याप्रमाणे टाळायच्या किंवा कमी करायच्या औषधांचा स्वतंत्र तक्ता आहे. फार्मासिस्टच्या काउंटरजवळ असा तक्ता लावलेला असेल, तर दुखण्याची गोळी मागायला आलेल्या आजोबांना ‘काका, किडनीचा रिपोर्ट कधी केला होता?’ एवढं विचारणं अवघड नाही.

चौथी, जुलाब, उलट्या, कडक ताप, खाणंपिणं बंद, अशा दिवसांत काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या, हे बरं असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. परस्पर एकही गोळी बंद करू नये आणि आज ऐकलेल्या कुठल्याही आकड्यावरून स्वतःचा डोस बदलू नये. हे आकडे प्रश्न विचारण्यासाठी आहेत.

आणि लॅबचालकांना एक विनंती. क्रिएटिनिनच्या शेजारी एकच नॉर्मल मर्यादा छापून थांबू नये. ई-जीएफआर छापावा, आणि साठीपुढच्या रुग्णाच्या रिपोर्टखाली एक ओळ द्यावी, की डोस ठरवताना वय आणि वजन धरून आकडा काढावा. शाईचा खर्च काहीच नाही.

श्रोतेहो, झोपाळूपणा, तोल जाणं, विसराळूपणा, असंबद्ध बोलणं, भूक मरणं ही म्हातारपणाची लक्षणं म्हणून आपण स्वीकारून बसलो आहोत. त्यातली काही खरोखर वयाची असतात. काही एका कॅप्सूलची असतात आणि ती कॅप्सूल कमी केली की जातात. यातलं कोणतं काय आहे, हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा वजनकाट्यावर उभे राहा, फाइलचं पहिलं पान पुढे करा आणि डॉक्टरांना विचारा, ‘हा डोस माझ्या किडनीच्या आकड्यावर ठरवला आहे ना?’ चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. आणि उत्तर ‘पाहून सांगतो’ असं आलं, तर ते पाहीपर्यंत खुर्चीवरून उठू नका.